पाठीवरची नावं

दिवाळीच्या साफसफाईला कपाट उपसलं की वरच्या कप्प्यातून पाच जर्सी खाली येतात. दोन हिरव्या, दोन पांढऱ्या, एक पिवळी. प्रत्येकीच्या पाठीवर एक आडनाव आणि एक आकडा शिवलेला आहे. सेस्पेडेस ५२, डोनाल्डसन २०, सेमियन १०, ऑल्सन २८, चॅपमन २६. सेमियनच्या नावातलं शेवटचं अक्षर एका टोकाला उसवलं होतं, ते मी मध्यंतरी हातशिलाईने बसवलं. तो तेव्हा टेक्सासकडून खेळत होता. तरी बसवलं. जर्सी आमची होती.

या पाचांपैकी एकही जण ऑकलंडमध्ये खेळता खेळता थकून, टाळ्यांच्या गजरात निवृत्त झाला नाही. चौघांना आमच्या संघाने दुसऱ्यांच्या हवाली केलं आणि पाचव्याला थांब असं कुणी म्हटलंच नाही.

मी रत्नागिरीची. रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत वाढले. २००१ साली लग्नानंतर कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले तेव्हा बेसबॉलकडे बघायचीही इच्छा नव्हती. मग ४ सप्टेंबर २००२ ची संध्याकाळ आली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडे जास्तीची दोन तिकिटं होती, म्हणून आम्ही बार्ट ट्रेन पकडून ऑकलंड कॉलिसियमला गेलो. स्टेशनातून स्टेडियमकडे नेणारा तो लांब पादचारी पूल, पुलावर सॉसेज भाजणारे विक्रेते, आतून येणारा ढोलांचा आवाज. तो आवाज ऐकून मला एकदम गणपतीतली मिरवणूक आठवली आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा गर्दीत बरं वाटलं.

ऑकलंड अ‍ॅथलेटिक्सने सलग १९ सामने जिंकले होते. विसावा जिंकला की अमेरिकन लीगचा विक्रम. तीन इनिंग झाल्या तेव्हा कॅन्सस सिटीविरुद्ध धावफलक ११-० होता. संपलंच की, असं मी म्हटलं. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. त्यांनी मान हलवली. बघता बघता ११-११ झालं. शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्ग नावाचा बदली फलंदाज आला आणि त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. पंचावन्न हजार माणसं एका वेळी उठली. त्या आजोबांनी वहीत चौकोन भरला, पेन्सिल खिशात घातली आणि मग रडले. मी त्या दिवशी या संघाची झाले.

हाच तो संघ, ज्याच्यावर मायकेल लुईसने २००३ साली ‘मनीबॉल’ लिहिलं आणि २०११ मध्ये ब्रॅड पिटचा सिनेमा निघाला. पुण्या-मुंबईतले भाचे अजून विचारतात, मावशी, तू त्या मनीबॉलवाल्या टीमची फॅन ना? मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगतात. पैसा कमी, पण बिली बीन नावाच्या व्यवस्थापकाने आकडेवारी वापरून इतरांनी नाकारलेले खेळाडू हेरले आणि श्रीमंत संघांना टक्कर दिली. सगळं खरं आहे. त्या वर्षी ऑकलंडने १०३ सामने जिंकले. पण सिनेमाची सुरुवात कशाने होते ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. जेसन जिआम्बी न्यू यॉर्कला गेला, जॉनी डेमन बॉस्टनला गेला, जेसन इझरिंगहाउसन सेंट लुईसला. हुशारीची ती गोष्ट तीन माणसं गमावल्यापासून सुरू होते. पुढे २००४ च्या डिसेंबरात टिम हडसन आणि मार्क मल्डर हे दोघे पिचर तीन दिवसांच्या आत दोन वेगळ्या संघांना देऊन टाकले. मला तेव्हा वाटलं, असेल काही अडचण.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हिशेब सांगते. तरुण खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो त्याच संघाचा बांधील असतो. पहिली तीन वर्षं पगार जवळजवळ किमान दराने, पुढची तीन लवादाच्या हिशेबाने वाढत जाणारा. सहा वर्षं भरली की तो मोकळा, आणि तेव्हा त्याची खरी किंमत मोजावी लागते. मोजायची नसेल तर त्याआधी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तीन-चार कोवळी पोरं घ्यायची आणि त्यांच्यापासून पुन्हा सहा वर्षं मोजायला लागायचं. वर मर्यादा घालणारी पगाराची सक्त कमाल रेषा इथे नाही. २०२३ मध्ये न्यू यॉर्क मेट्सचा पगारखर्च तीस कोटी डॉलरच्या बराच पुढे होता आणि आमचा सहा कोटींच्या आसपास.

हा हिशेब मला पुस्तकातून कळला नाही. बाबांच्या एका प्रश्नातून कळला.

२०१४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा फ्रीमाँटला आले होते. बाबांची पावसजवळ हापूसची लहानशी बाग. त्यांना इथे करमेना, म्हणून संध्याकाळी माझ्याबरोबर टीव्हीवर बेसबॉल बघायला बसू लागले. १० जूनला अनाहाइममध्ये सामना होता. चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला, योएनिस सेस्पेडेसच्या हातून निसटला, तो मागे धावला, चेंडू उचलला आणि तिथून, जवळजवळ तीनशे फुटांवरून, टप्पा न पाडता सरळ कॅचरच्या हातात फेकला. धावणारा बाद. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. “काय हात आहे रे!” असं टीव्हीलाच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती फेक त्यांनी माझ्या मुलाकडून लॅपटॉपवर सात वेळा लावून घेतली. नातू-आजोबा मिळून दुकानात गेले आणि ५२ नंबरची जर्सी घेऊन आले.

३१ जुलैला सेस्पेडेस बॉस्टनला गेला. बदल्यात जॉन लेस्टर हा नामांकित पिचर आला, ज्याचा करार दोन-तीन महिन्यांत संपणार होता. त्याआधी जुलैच्या सुरुवातीला अ‍ॅडिसन रसेल हा आमचा सर्वांत गुणी पोरगा शिकागोला देऊन दोन पिचर घेतलेले होते. त्या दिवशी ऑकलंडच्या खात्यात ६६ विजय आणि ४१ पराभव होते, सगळ्या लीगमध्ये कुणाचेच आकडे इतके चांगले नव्हते.

बाबा म्हणाले, “चांगला खेळत होता ना? संघही जिंकत होता. मग दिला कशाला?”

मी करार, पिचिंग, प्लेऑफ असं बरंच काही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं आपण मोहोर खुडतो. झाड अंगाने भरू दे म्हणून. सहाव्या-सातव्या वर्षी खरी फळं धरायला लागतं. त्या वर्षी कलम उपटून शेजाऱ्याला विकणारा बागाईतदार मी पाहिला नाही.”

उरलेल्या ५५ सामन्यांपैकी आम्ही ३३ हरलो. शेवटच्या दिवशी कसेबसे बाद फेरीत पोचलो. ३० सप्टेंबरला कॅन्सस सिटीत तो एकमेव निर्णायक सामना, आठव्या इनिंगमध्ये ७-३ अशी आघाडी आणि बाराव्या इनिंगमध्ये ९-८ असा पराभव. पुढच्या हंगामाआधी लेस्टर शिकागो कब्जकडे गेला. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, कब्जने १०८ वर्षांचा दुष्काळ संपवून वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्या संघात लेस्टरही होता आणि रसेलही.

त्याच २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जॉश डोनाल्डसनला टोरंटोला दिलं. त्याचा ऑकलंडशी बांधीलकीचा काळ संपायला तब्बल चार हंगाम बाकी होते. २०१५ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या बदल्यात जे चौघे आले त्यांच्यापैकी कुणाचंही नाव माझ्या मुलाला जर्सीवर घालावंसं वाटलं नाही.

व्यवस्थापनाला काही कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. हा डोनाल्डसन २००८ मध्ये कॅचर म्हणून एका अदलाबदलीत आला होता, फारसं लक्षही न वेधता. मार्कस सेमियन आणि ख्रिस बॅसिट अशाच एका व्यवहारात आले. माणूस पारखणारी नजर या लोकांकडे होती, बहुतेक संघांपेक्षा चांगली होती. मला चीड येते ती याचीच. पारखायला येत असूनही जपायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. हुशारी आधी गरजेपोटी आली, मग तिची सवय झाली आणि शेवटी ती पैसे न खर्चण्याची सबब झाली.

सेमियनबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. तो इथला. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, बर्कलीत शिकला, बर्कलीच्याच विद्यापीठाकडून खेळला. २०१५ मध्ये शॉर्टस्टॉपवर त्याने ३५ चुका केल्या, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. चेंडू हातात यायचा आणि निसटायचा किंवा पहिल्या बेसवरच्या माणसाच्या डोक्यावरून जायचा. प्रेक्षक कण्हायचे. त्या वर्षी रॉन वॉशिंग्टन नावाचा जुना कोच त्याला शिकवायला आला. आम्ही मुद्दाम दोन-अडीच तास आधी जायचो, मुलाला दाखवायला. मैदान रिकामं, ऊन तिरपं. सेमियन गुडघ्यांवर बसलेला, हातात तळहाताएवढा छोटा ग्लोव्ह, आणि वॉशिंग्टन काही पावलांवरून चेंडू मारतोय. उजवीकडे, डावीकडे, समोर, पुन्हा उजवीकडे. पंचवीस मिनिटं कुणी बोलत नसे. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, त्याला तबल्याचा रियाज नको असायचा. मी त्याला काही उपदेश केला नाही, नुसतं तिथे उभं केलं.

चार वर्षांनी, २०१९ मध्ये, तोच सेमियन सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आला. त्या वर्षी आम्ही ९७ सामने जिंकले, आदल्या वर्षीही तेवढेच. तिसऱ्या बेसवर मॅट चॅपमन, पहिल्यावर मॅट ऑल्सन, दोघेही गोल्ड ग्लोव्हवाले, मध्ये सेमियन. चेंडू त्या भिंतीतून जाईल असं वाटायचंच नाही. २०२० च्या हंगामानंतर सेमियनचा करार संपला. नियमाप्रमाणे संघ त्याला एका वर्षासाठी १ कोटी ८९ लाख डॉलरचा प्रस्ताव देऊ शकत होता. तो घेतला असता तर सेमियन राहिला असता, नाकारून गेला असता तर संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये एक जास्तीची निवड मिळाली असती. तो प्रस्तावही दिला नाही. सेमियन टोरंटोला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने ४५ होमरन मारले. बर्कलीचा पोरगा, गुडघ्यावर बसून शिकलेला, दारातून निघून गेला आणि कुणी अडवलं नाही.

मग राहिलेलं सगळं एका वर्षात आटोपलं. अकरा हंगाम संघ सांभाळणारा बॉब मेल्विन, तोही बे एरियातलाच, बदल्यात काहीही न घेता सॅन डिएगोला जाऊ दिला. मार्च २०२२ मध्ये चार-पाच दिवसांच्या आत बॅसिट न्यू यॉर्कला, ऑल्सन अटलांटाला, चॅपमन टोरंटोला. डिसेंबरात कॅचर शॉन मर्फीही अटलांटाला. अटलांटाने ऑल्सनला दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचा करार दिला आणि २०२३ मध्ये त्याने तिथे ५४ होमरन मारले. त्याच २०२३ मध्ये ऑकलंड ११२ सामने हरलं.

लोक यायचे थांबले, आणि मग मालकांच्या बाजूने सांगितलं जाऊ लागलं की या शहरात प्रेक्षकच नाहीत. हे वाक्य मी कधी विसरणार नाही. ज्या पुलावरून आम्ही वीस वर्षं चालत गेलो त्यावर चालणारी माणसंच नाहीत, असं म्हणणं होतं ते. २००६ मध्ये हाच संघ आमच्या फ्रीमाँटला नवं स्टेडियम बांधणार होता, तेव्हा आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्येही दुसरा विषय नव्हता. २००९ मध्ये तो बेत मोडला. मग सॅन होजे, मग ऑकलंड बंदरावरचं हॉवर्ड टर्मिनल. स्टेडियमभर ‘रूटेड इन ऑकलंड’ असे फलक लावलेले होते आणि एप्रिल २०२३ मध्ये लास व्हेगासमधल्या जमिनीचा करार जाहीर झाला.

१३ जून २०२३, मंगळवार. चाहत्यांनी ठरवलं की आज सगळ्यांनी यायचं. सात-आठ हजारांनी भरणाऱ्या कॉलिसियममध्ये त्या रात्री २७,७५९ माणसं आली. पार्किंगमध्ये हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते, छातीवर एकच शब्द, ‘सेल’. मालकांना उद्देशून. पाचव्या इनिंगला पहिला फलंदाज आला तेव्हा सगळे ठरल्याप्रमाणे गप्प बसले. एवढ्या माणसांची शांतता मी कधी ऐकली नव्हती. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. तो फलंदाज संपला आणि मग सगळं स्टेडियम ओरडायला लागलं, संघ विका, संघ विका. समोर टॅम्पा बे होता, त्या वेळी लीगमधला सर्वोत्तम संघ. आम्ही २-१ ने जिंकलो. ज्यांची नावं मला नीट पाठही नव्हती अशा पोरांनी सलग सातवा सामना जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणारं विधेयक मंजूर केलं.

एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांनी आपल्याच नव्या कर्णधाराची, हार्दिक पांड्याची, हुर्यो उडवली. भाच्याने व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, मावशी, आमच्याकडेही सुरू झालं बघ. खेळाडूची हुर्यो उडवणं मला पटलं नाही. निर्णय त्याने एकट्याने घेतला नव्हता. पण त्या पोरांच्या पोटात काय ढवळत होतं ते मला समजलं. त्यांचा आधीचा कर्णधार रोहित शर्मा निदान त्याच निळ्या कपड्यांत मैदानावर होता.

२६ सप्टेंबर २०२४ ला ऑकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक. आमचा जुना पिचर बॅरी झिटो याने राष्ट्रगीत म्हटलं. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, दोघेही ऑकलंडचे, त्यांनी पहिले मानाचे चेंडू टाकले. रिकीने आयुष्यात १,४०६ बेस चोरले, आजवर कुणी त्याच्या जवळपासही नाही, आणि त्या मैदानाला त्याचंच नाव दिलेलं होतं. समोरचा संघ टेक्सासचा. त्यांच्या डगआउटमध्ये सेमियन होता. मी १० नंबरची हिरवी जर्सी घालून गेले होते. मुलगा आता वीस वर्षांचा, कॉलेजातून आला होता, त्याने २८ घातली होती. आजूबाजूला पाहिलं तर सगळं स्टेडियम गेलेल्या माणसांची नावं पाठीवर घेऊन बसलेलं. टेहाडा, चावेझ, हडसन, जिआम्बी. कुणी रिकीचा २४.

नवव्या इनिंगला मेसन मिलर आला. ताशी शंभर मैलांच्या पुढे चेंडू टाकणारा आमचा तरुण पिचर. शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसकडे सरपटत गेला, फेक पहिल्या बेसवर, बाद. ३-२ ने जिंकलो. कुणी उठेना. नंतर मैदानाची निगा राखणाऱ्या माणसांनी आतली तांबडी माती लोकांना दिली. आमच्या वाट्याची पेलाभर माती मी लोणच्याच्या बरणीत भरून ठेवली आहे. रंगाने ती अगदी रत्नागिरीच्या मातीसारखी आहे. २० डिसेंबरला रिकी गेला.

संघ आता वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतो, नावात कुठलंही शहर न घेता, नुसता ‘अ‍ॅथलेटिक्स’. व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत असंच. ऑकलंड सोडल्यावर तीनच महिन्यांत त्यांनी लुईस सेव्हेरिनो या पिचरला ६ कोटी ७० लाखांचा करार दिला, संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. आधीचा विक्रम २००४ मधला, एरिक चावेझचा, ६ कोटी ६० लाखांचा. वीस वर्षं जी तिजोरी आमच्यासाठी उघडली नाही ती आम्हाला सोडल्यावर उघडली. त्यानंतर ब्रेंट रुकर आणि लॉरेन्स बटलर यांनाही पाच-सात वर्षांचे करार मिळाले. म्हणजे जमत होतं. माणसं राखणं या संघाला जमत होतं.

२५ जुलै २०२५ ला निक कर्ट्झ या नवख्या पोराने ह्यूस्टनमध्ये एकाच सामन्यात चार होमरन मारले. मी तो सामना पाहिला. नाही पाहायचं ठरवूनही पाहिला. रात्री मुलाचा मेसेज आला, “आई, कर्ट्झची जर्सी घेऊ या का?” मी हो-नाही केलं नाही, दोन दिवस विचार करते म्हटलं. ३१ जुलैला, बाबांच्या सेस्पेडेसला दिलं त्याच तारखेला, बरोबर अकरा वर्षांनी, मेसन मिलरला सॅन डिएगोला दिल्याची बातमी आली.

कपाटात अजून पाचच जर्सी आहेत.